लक्षात कसं आलं नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"घरातच होता ना तो? मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

माझ्या मुलाला सतराव्या वर्षी मेंदूज्वर झाला, डॉक्टरी भाषेत मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. बहुतेक जण काळजीपोटी विचारतात. काहींना मात्र मी हलगर्जी ठरायला हवी असते, म्हणजे त्यांची मुलं सुरक्षित. सगळ्यांना मी एकच उत्तर देत आले: "अहो, डॉक्टरांनाही कळलं नव्हतं." ते खोटं नाही, पण तेवढंच खरं नाही. म्हणून एकदा सगळं लिहिते.

संध्याकाळी सातला ताप आणि डोकेदुखी. डॉक्टरांनी घसा पाहिला, मान वाकवून पाहिली, व्हायरल दिसतंय म्हणाले, तापाची गोळी दिली, "वाढलं तर या" म्हणाले. मान तेव्हा व्यवस्थित वाकत होती. "मान ताठली नव्हती का?" असं विचारणाऱ्यांनी हे जरा ऐकावं. मेंदूज्वर आणणाऱ्या मेनिंगोकॉकस या जंतूच्या आजाराने गाठलेल्या ४४८ मुलांचा एक ब्रिटिश अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. पहिले चार-सहा तास बहुतेकांची लक्षणं साध्या तापासारखीच होती. ताठ मान, अंगावरचे ठिपके, शुद्ध हरपणं हे सगळं सर्वसाधारणपणे तेरा ते बावीस तासांनी दिसू लागलं. पहिल्या भेटीत जेमतेम निम्म्या मुलांनाच हॉस्पिटलमध्ये पाठवलं गेलं होतं. म्हणून त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. आम्हाला दाराबाहेर सोडताना त्यांना जे दिसत होतं, ते खरोखरच व्हायरलसारखं होतं.

राग आहे तो रात्रीच्या तीनचा.

अकरा वाजता त्याला दोनदा उलटी झाली. मग पाय दुखतात म्हणाला. आदल्या दिवशी फुटबॉल खेळला होता, मी म्हटलं, त्यानेच असेल. तीन वाजता उठून पाहिलं तर कपाळ गरम आणि पावलं थंडगार. नुसती गार नाहीत, फरशीसारखी. मी ती दोन्ही हातांत धरून चोळली. मग कपाटातून जाड लोकरीचे मोजे काढून त्याला घातले, नीट घोट्यापर्यंत ओढले, पांघरूण घातलं आणि झोपायला गेले. आईचं काम केल्यासारखं वाटलं होतं मला.

दुखणारे पाय, थंड हातपाय आणि कातडीचा बदललेला रंग या तीन गोष्टी त्याच अभ्यासात सर्वांत आधी, सुमारे आठव्या तासाला दिसल्या होत्या. माझ्या मुलाच्या बाबतीत आठवा तास म्हणजे बरोबर तीन वाजता. मी तेव्हा त्या पायांना हात लावला होता आणि वर मोजे चढवले होते.

यावर मी स्वतःशी किती भांडले असेन! ताप चढताना हातपाय गार पडतातच, कोणत्याही आईने मोजेच घातले असते. हो, घातले असते. पण मी ती पावलं हातात धरली होती, आणि हे नेहमीचं नाही असं माझ्या हातांना वाटलं होतं. ते मी मनाला का सांगितलं नाही? याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

सकाळी सातला ताप मोजला तर ९९. गोळीने उतरलेला. "वाढलं तर या" याचा अर्थ मी तापाचा आकडा असा घेतला होता, त्यामुळे मी निवांत झाले. खोली अंधारी होती. पडदा सरकवला तर तो किंचाळला, "बंद कर ते!" मी बंद केला. त्या वयाची मुलं अशीच असतात ना? उशिरापर्यंत झोपतात, उजेड नको म्हणतात, चिडतात, धड बोलत नाहीत, दार लावून पडून राहतात. तान्हं बाळ असतं तर मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले असते. हा सहा फुटी मुलगा, म्हणून "झोपू दे त्याला" म्हटलं. उजेड सहन न होणं, गुंगी, चिडचिड, बोलण्यातली असंबद्धता ही मेंदूज्वराची लक्षणं आणि सतरा वर्षांच्या मुलाची सकाळ, बंद दाराबाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. लक्षात कसं आलं नाही, याचं माझ्याजवळ असलेलं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे.

दहाला उठवायला गेले तर तो मला ओळखून बोलेना. मोजे काढले. घोट्यावर जांभळट ठिपके होते, आणि मला वाटलं, मोज्याच्या इलॅस्टिकचे वळ. इमर्जन्सीमध्ये नर्सने त्यावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून धरला. ठिपके तसेच राहिले, फिके पडले नाहीत. दाबूनही फिके न पडणं ही धोक्याची खूण. त्यानंतर कोणी आमच्याशी बोलत बसलं नाही. आधी अँटिबायोटिक चढवलं, पाठीतलं पाणी तपासायला नंतर काढलं. पाठीत सुई टोचली की पाय जातात, या भीतीने मी सही करताना अडखळले होते. पाय जात नाहीत. त्या तपासणीला घाबरू नका.

आणि ठिपक्यांची वाटही पाहू नका. कित्येकांना ते येतच नाहीत. सावळ्या कातडीवर चटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि तोंडातली टाळू पाहावी लागते. विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर बहुधा आपोआप बरा होतो हे खरं, पण विषाणूचा कुठला आणि जिवाणूचा कुठला ते घरी बसून ओळखता येत नाही. एकदा दाखवून आलात म्हणून पुन्हा जायला लाजू नका. बारा तासांपूर्वीचं मूल आणि आत्ताचं मूल यांच्यात फरक आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न, लस दिली नव्हती का? लहानपणीच्या सगळ्या दिल्या होत्या, आणि त्यात सगळं आलं असं मी धरून चालले होते. मेनिंगोकॉकसचे प्रकार वेगवेगळे. ए, सी, डब्ल्यू, वाय यांची लस एक, बीची निराळी, एकीने दुसरीचं काम होत नाही. ब्रिटनमध्ये पहिली साधारण चौदाव्या वर्षी देतात. या वयात पुष्कळ मुलांच्या घशात हा जंतू काहीही त्रास न देता राहतो आणि जवळच्या सहवासातून, चुंबनातून, हॉस्टेलच्या खोल्यांतून पसरतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी विचारलं नव्हतं.

तो वाचला. जिवाणूंमुळे मेंदूज्वर झालेल्या सहांपैकी एक जण दगावतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो आकडा मी मुलगा घरी आल्यावर वाचला, आधी वाचायची हिंमत नव्हती.

घरी आल्यावर हाक मारली तर उत्तर द्यायचा नाही. आजारपणाने तुसडा झालाय, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. चौथ्या आठवड्यात श्रवणचाचणी झाली तेव्हा कळलं, डाव्या कानाने त्याला काही ऐकूच येत नव्हतं. म्हणजे इतकं सगळं होऊनही मी पुन्हा त्याच्या वयालाच दोष दिला होता. आता सांगा, मी काय शिकले?

आता तो एकोणीस वर्षांचा आहे. उजव्या कुशीवर झोपतो, चांगला कान उशीत दाबून, त्यामुळे दारातून हाक मारून उपयोग नसतो. थोडी जरी कणकण असली तरी मी रात्री आत जाते आणि पांघरुणाखालून त्याची पावलं चाचपते. तो पाय आखडून घेतो, वैतागतो. वैतागू दे.