पाठ केलेलं भाषण तिसऱ्या मिनिटाला अडलं तेव्हा

भाषणाची तयारी करून घेणं हे माझं काम. त्या दिवशी आलेल्या अभियंता मॅडमचं १२ मिनिटांचं भाषण तोंडपाठ होतं. विषय, सांडपाण्याचा पुनर्वापर. सभा दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या मिनिटाला मी मुद्दाम एक साधा प्रश्न विचारला. उत्तर त्यांनी उत्तम दिलं, पण पुढचं वाक्य काही आठवेना. परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागला.

घोकलेल्या मजकुरात प्रत्येक शब्द मागच्या शब्दाला धरून येतो. एक निसटला की पुढचे सगळे अडतात, विषय कितीही पक्का असला तरी.

मजकूर बाजूला ठेवला आणि विचारलं, "श्रोत्यांच्या लक्षात एकच वाक्य राहणार असेल, तर ते कोणतं?" यात बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा. वाक्य ठरलं: "बागेला पिण्याचं पाणी घालायची गरज नाही." त्याला आधार न देणारे मुद्दे गळले, सातातले चार उरले. मग दुवे. माणूस मुद्द्याच्या आत क्वचितच अडतो. अडतो तो एकातून दुसऱ्यात जाताना. म्हणून प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी पुढच्याचं दार उघडणारा प्रश्न ठेवला: "मग हे पाणी आत्ता जातं कुठे?"

शब्दशः पाठ फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं. आकडे जाड कार्डावर; पातळ कागद हातात थरथरतो. मुद्द्यामागे एक-दोन शब्द, ठळक अक्षरात, एकाच बाजूला. कार्डावर पूर्ण वाक्य लिहिलं की नजर तिथेच अडकते आणि वाचन सुरू होतं.

तालीम उभं राहून, मोठ्यानं, मध्ये न थांबता. दर वेळी शब्द वेगळे यायला हवेत. तेच वाक्य पुन्हा आलं तर नकळत पाठांतर चालू आहे असं समजावं आणि उदाहरण बदलावं. एकदा थेट तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात, एकदा सगळं भाषण २ मिनिटांत. मनातल्या मनात केलेली उजळणी मी धरतच नाही.

उत्स्फूर्ततेबद्दल एक गैरसमज फार पसरलाय, की चांगलं वाक्य तयारीशिवाय ऐन वेळी आपोआप सुचतं. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणातला "माझं एक स्वप्न आहे" हा भाग त्या दिवशीच्या लिखित मसुद्यात नव्हता, हे खरं. पण ती कल्पना त्यांनी आधीच्या भाषणांत मांडलेली होती. ऐन वेळी सुचतं ते असं आधी तोंडात बसलेलं असतं.

या पद्धतीचा खरा धोका वेळेचा. पहिला मुद्दा फुगतो आणि शेवटचा चिरडला जातो. म्हणून कार्डावर मुद्द्यांसमोर ३, ६, ९ असे मिनिटांचे आकडे घातले आणि उशीर झाला तर गाळायच्या उदाहरणाला कंस केला. कायदेशीर निवेदन मात्र कागदावरूनच वाचावं. तिथे एक शब्दही इकडचा तिकडे चालत नाही.

संध्याकाळच्या तालमीत दुसऱ्या मुद्द्यात मी पुन्हा प्रश्न टाकला. त्यांनी उत्तर दिलं, कार्डाकडे पाहिलं आणि थेट तिसऱ्यावर गेल्या. भाषण दीड मिनिट लांबलं. कंसातलं उदाहरण काढल्यावर १२ मिनिटांत बसलं.