काकूच्या अंगात खरंच यायचं का?

थोरल्या काकूच्या अंगात यायचं, हे बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की समोरचा माणूस आवाज खाली आणून विचारतोच, "खरंच यायचं हो, की सोंग?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. पूर्वी माझं उत्तर तयार असे. वर्षभर चुलीपुढून न हलणाऱ्या बाईचं नवरात्रात एक दिवस सासरा, दीर सगळे मुकाट ऐकतात, मग येणार नाही तर काय! हे उत्तर शहाण्यासारखं वाटायचं, लोकांनाही पटायचं. सत्यजित राय यांचा 'देवी' पाहिला आणि ते देताना माझी जीभ अडखळायला लागली.

चित्रपट १९६० चा. मूळ कथा प्रभातकुमार मुखोपाध्याय यांची, काळ एकोणिसाव्या शतकातला, बंगालातलं एक जमीनदाराचं घर. म्हातारा कालीकिंकर (छबी विश्वास) कालीचा भक्त. धाकटी सून दयामयी त्याचे पाय चेपते, औषध देते, जावेच्या लहानग्याला, खोकाला, गोष्टी सांगते. एका रात्री म्हाताऱ्याला स्वप्नात देवीचे डोळे दिसतात आणि त्यांच्या जागी हळूहळू सुनेचा चेहरा येतो. सकाळी तो तिच्या पायांवर डोकं ठेवतो. दया तोंड फिरवून भिंतीला चिकटते. ती भूमिका करणारी शर्मिला टागोर तेव्हा शाळकरी वयाची होती. तिचं ते आकसणं मला आमच्या माजघरात दिसलेलं आहे. आजोबा एरवी काकूशी थेट बोलतसुद्धा नसत, मधे कुणीतरी लागायचं. तिच्या कपाळी मळवट भरला की तेच आजोबा वाकायचे, आणि काकूचे पाय लुगड्यात आत आत जायचे. ती घुमायला लागली की मग ते पाय थांबायचे.

दयाला मखरात बसवतात. एक गरीब माणूस मरणाला टेकलेला नातू तिच्यासमोर आणून ठेवतो. चरणामृत पाजतात आणि पोर डोळे उघडतं. कलकत्त्यात इंग्रजी शिकणारा तिचा नवरा उमाप्रसाद (सौमित्र चटर्जी) नेमका तेव्हा बापाशी वाद घालत असतो. त्याचा वाद जागीच लुळा पडतो. खरं सांगायचं तर मला उमाप्रसादचा राग येतो. त्याचा अविश्वास कोरा करकरीत, कॉलेजातला. त्याला त्याची काही किंमत मोजावी लागलेली नाही.

किंमत पडते ती दयाला. नवरा तिला रात्री पळवून नदीकाठी आणतो, पलीकडे गेलं की सुटका. तिथे पाण्याजवळ विसर्जन झालेल्या मूर्तीचा सांगाडा पडलेला असतो. ती थबकते. मी खरंच देवी असले तर? तुझं काही वाईट झालं तर? आणि ती माघारी फिरते. नवऱ्याला शंका देवीची, सासऱ्याला शंकाच नाही. ही मुलगी मात्र स्वतःवरच शंका घेते, देवी असण्यावर आणि नसण्यावरही. पुढे खोका तापाने फणफणतो. आईला वैद्य हवा असतो, पण पोर येतं दयाच्या मांडीवर. ते वाचत नाही. शेवटी ती धुक्यात, फुलांच्या शेतातून धावत जाते.

हा चित्रपट हिंदू धर्माच्या विरोधात आहे म्हणून तेव्हा ओरड झाली होती. मला तो देवाविरुद्ध कधीच वाटला नाही. त्यात देव आहे की नाही हा प्रश्नच कुणी सोडवत नाही; एका मुलीला विचारल्याशिवाय तिच्यावर काय लादलं, एवढंच दिसतं.

म्हणून सोंग की खरं, याला माझ्याकडे आता उत्तर नाही. मीही काकूला कधी विचारलं नाही, तिच्याबद्दल मतं तेवढी दिली.

एक आठवतं. वारं उतरलं की ती घटाघटा पाणी प्यायची, पाठ दुखते म्हणायची. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. त्या वर्षी तिने शेजारच्या वहिनींना सांगितलं होतं, दिवाळीच्या आत तुझा धनी घरी येईल. सगळे उठून गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"काय बोलले रे मी?"

मी सांगितलं. ती कपाळावरचं कुंकू पदराने पुसत होती, तिचा हात थांबला.

"असं म्हणाले? मग येईल बाबा," ती म्हणाली, आणि लगेच, "येईल ना रे?"