तुम्ही विचारलंत म्हणून: दगडातली छिद्रे मोजायला एवढी वर्षे कशी लागतात?

निवृत्ती जवळ आल्यापासून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहलाइतकीच थोडी कणवही असते. पेट्रोलियम अभियांत्रिकीचा प्राध्यापक म्हटले की लोकांना भर समुद्रातल्या तेलविहिरी आठवतात. मी मात्र प्रयोगशाळेत ३८ मिलिमीटर व्यासाच्या दगडी दंडगोलांसोबत बसलेला असतो. खरे सांगायचे तर मोजणीला अर्धा दिवसही पुरतो. वर्षे गेली ती हातात आलेला दगड अजून तोच राहिला आहे का, याची खात्री करून घेण्यात.

खनिज तेल जमिनीखाली तळ्यासारखे साचलेले नसते, ते खडकाच्या कणांमधल्या फटींत असते. एकसारखे गोळे अगदी दाटीवाटीने रचले तरी सुमारे २६ टक्के जागा मोकळी राहते, मग ते गोळे मोहरीएवढे असोत की चेंडूएवढे. प्रत्यक्ष वालुकाश्मात लहान कण मोठ्यांच्या फटीत बसतात, वर खनिजांचा लेप चढतो आणि ही जागा बहुधा आणखी कमी होते. ही सच्छिद्रता मोजायला आम्ही हेलियम वापरतो, कारण त्याचा अणू बारीकसारीक फटीतही शिरतो आणि खडकाला सहसा चिकटत नाही. बाकीचे काम वायूचा दाब आणि आकारमान यांचे नाते सांगणारा बॉइलचा नियम करतो.

अवघड आहे ती पार्यता, म्हणजे त्या फटींतून द्रव किती सहज वाहतो ते. तिचे एकक ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याला तेलाशी काही कर्तव्य नव्हते; १८५६ मध्ये त्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासंबंधी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वाळूच्या थरातून पाणी कसे झिरपते याचे प्रयोग दिले होते. सच्छिद्रता सारखीच असलेल्या दोन तुकड्यांची पार्यता शेकडो पटींनी वेगळी असू शकते, कारण प्रवाह अडतो तो छिद्रांना जोडणाऱ्या चिंचोळ्या वाटांपाशी. त्यातही मोजणी वायूने केली तर उत्तर फुगते: कमी दाबाखाली वायूचे रेणू छिद्रांच्या भिंतींवरून घसरतात. क्लिंकेनबर्ग या संशोधकाने १९४१ मध्ये हा दोष कसा काढायचा ते दाखवले, आणि आजही प्रत्येक अहवालात त्याची दुरुस्ती करावी लागते.

माझा स्वतःचा दोष मात्र मला कोणी आधी सांगितला नव्हता. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वालुकाश्माचे काही तुकडे धुऊन भट्टीत खडखडीत वाळवले आणि त्यांची पार्यता इतकी छान आली की मी खूश झालो. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा कळले की त्या छिद्रांत इलाइट या चिकणमातीचे केसासारखे तंतू होते, आणि वाळवताना ते भिंतींना चिकटून आडवे पडले होते. खाली, पाण्यात उभे असताना, हेच तंतू प्रवाहाची वाट अडवत होते. मी दगड मोजला नव्हता. मी त्याला वाळवून नवा दगड बनवला होता आणि तो मोजला होता. ते आकडे मागे घेताना झालेली लाज अजून विसरलेली नाही, पण माझ्या संशोधनाचा विषय मला त्या दिवशी मिळाला.

कारण तंतू हे एकच उदाहरण होते. तीन हजार मीटर खोलीवर वरच्या खडकांचा भार हवेच्या दाबाच्या साधारण ६५० पट असतो. त्यातला काही भाग छिद्रांतला द्रव पेलतो, उरलेला कणांवर येतो. गाभा, म्हणजे विहिरीतून कापून काढलेला खडकाचा दंडगोल, वर आला की हा भार सुटतो, वाटा किंचित उघडतात, कधी बारीक भेगाही पडतात. म्हणून तुकडा रबरी आवरणात दाबून मोजावा लागतो. आणखी नाजूक बाब अशी, की कणांच्या पृष्ठभागाला पाणी अधिक प्रिय आहे की तेल, यावर विहिरीत सोडलेले पाणी किती तेल पुढे ढकलेल हे बरेचसे अवलंबून असते. आणि टोल्युइन या तेल विरघळवणाऱ्या द्रावकाने तुकडा धुतला की नेमकी हीच आवड बदलू शकते. न धुता मोजावे, तर आत काय किती उरले आहे ते नीट कळत नाही. यावर सर्वमान्य तोड आहे असे मी वर्गात कधीही सांगितलेले नाही.

सध्या काही विद्यार्थी याच मोजण्या कार्बन डायऑक्साइड खडकात साठवण्यासाठी करत आहेत. प्रश्न तेच आहेत, फक्त आता वायू आत ठेवायचा आहे. माझ्या कपाटात फिल्म आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून मेणात बुडवलेले गाभ्याचे चार तुकडे आहेत, विहिरीवरून आले तसेच. मेणही कायमचे राखण करत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते मी फोडलेले नाहीत, कारण प्रत्येक तुकडा एकदाच फोडता येतो आणि कोणती मोजणी आधी करावी यावर माझे आणि माझ्या विद्यार्थिनीचे अजून एकमत झालेले नाही.