सहावा मेलबॉक्स

त्या मंगळवारी बैठकीत माझ्याकडे काम एकच होतं, घड्याळ सांभाळायचं.

जॉर्जिया राज्यातल्या एका काउंटीच्या वाहतूक विभागात मी नियोजनाचं काम बघतो. काउंटीला आपण सवयीने जिल्हा म्हणतो, पण जॉर्जिया महाराष्ट्राच्या निम्मं आणि त्यात काउंट्या १५९. म्हणजे आपला तालुकाच धरा. कारभार निवडून आलेले कमिशनर चालवतात, आमच्याकडे ते पाच आहेत.

विषय होता जादा विक्रीकराचा. डॉलरमागे एक सेंट, पाच-सहा वर्षं, आणि तोही लोकांनी मतदानात हो म्हटलं तरच. हा पैसा पगाराला किंवा डिझेलला वापरता येत नाही. रस्ते, पूल, इमारती अशी टिकाऊ कामं तेवढी करायची. मोठ्या रस्त्याला केंद्र सरकार साधारण ८० टक्के देतं, पण उरलेले २० स्थानिक तिजोरीतून काढून दाखवावे लागतात. पेट्रोलवरचा केंद्राचा कर तर गॅलनला १८.४ सेंटवर १९९३ पासून जागचा हललेला नाही. त्यामुळे या एका सेंटवर सगळ्यांचा डोळा. कोणता रस्ता यादीत आणि कोणता बाहेर, यावर रस्सीखेच चालते.

ती यादी मी केली होती. तीन महिने खपून. प्रत्येक कामाला गुण दिलेले: वाहनं किती, अपघात किती, खर्च किती. खरं सांगायचं तर मला तिचा जरा अभिमानच होता.

माझे वडील सांगली जिल्ह्यात ग्रामसेवक होते. गणपूर्ती नाही म्हणून ग्रामसभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून ती मग निवांत उरकायची, हे त्यांच्या हातचं काम. इथेही रस्त्यांच्या आराखड्याला कुत्रं फिरकत नाही. कुणाच्या शेजारी कोंबड्यांचं फार्म येणार म्हटलं की मात्र उभं राहायला जागा नसते. त्या दिवशी चौदा माणसं होती, त्यातले सहा आमच्याच ऑफिसचे.

प्रार्थना झाली, झेंड्याची शपथ झाली आणि नागरिकांची पाळी आली. प्रत्येकी तीन मिनिटं. हिरवा, पिवळा, लाल असे दिवे, आणि बटण माझ्यापाशी. कमिशनर फक्त ऐकून घेतात, उत्तर देत नाहीत. पहिले तिघे कर वाढवू नका म्हणून गेले. चौथे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, हातात पशुखाद्याची रिकामी गोणी. त्यांनी गोणीतून एक मेलबॉक्स काढला, म्हणजे इथे घरासमोर रस्त्याकडेला खांबावर असते ती टपालाची पेटी, आणि माइकसमोर ठेवला.

पत्र्याची एक बाजू पार आत गेलेली. झाकण एका बिजागरीवर लोंबतंय. कडेला निळ्या रंगाचा ओरखडा, कुठल्यातरी गाडीचा. टपाल न्यायचंय हे पोस्टमनला कळावं म्हणून बाजूला लाल पट्टी असते, ती तेवढी ताठ उभी.

"हा सहावा," ते म्हणाले. "पहिले पाच गॅरेजात आहेत. माझी नात शाळेच्या बसची वाट बघत याच खांबाशी उभी राहते. तुमच्या यादीत आमच्या वळणाला अपघातांचे गुण शून्य आहेत. हे शून्य कुणी मोजलं?"

एवढं बोलून ते खाली बसले. अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दिवा लागलेलाच नव्हता, बटण दाबायचं मी विसरलो होतो.

शून्य मीच मोजलं होतं. आमचे आकडे पोलिसांच्या अहवालांतून येतात. कुणी जखमी झालं किंवा नुकसान ५०० डॉलरच्या घरात गेलं की अपघात कळवावा लागतो. मेलबॉक्स येतो तीसेक डॉलरला. रात्री ठोकणारा गाडी मागे घेतो आणि निघून जातो. बंपर चेपला असेल तर ते त्याचं त्याला ठाऊक. अहवाल होत नाही, म्हणून माझ्या तक्त्यात अपघातही होत नाही.

यादी एकगठ्ठा मंजुरीच्या विषयांत होती. एका कमिशनरने ती तिथून बाहेर काढायला लावली आणि निर्णय दोन आठवडे लांबला. साहेबांचं तोंड त्या रात्री बघण्यासारखं होतं.

गुरुवारी सहकाऱ्याला घेऊन त्या वळणावर गेलो. आमच्याकडे एक साधं उपकरण असतं. अर्धगोल काचेची नळी, तिच्यात गोळी. गाडीत लावायचं, वळण वाढत्या वेगाने घ्यायचं आणि गोळी किती अंश सरकते ते बघायचं. वेगमर्यादेएवढ्या वेगाला ती साधारण बाराच्या आत राहायला हवी. रस्त्याची वेगमर्यादा ४५ मैल, आणि गोळी पस्तिसालाच बारावर. सूचनेचा एक फलक नाही. बाहेरच्या अंगाची साइडपट्टी खचून डांबराखाली वीतभर गेलेली. गवतात टायरचे माग मोजले. अकरा.

वळण सरळ करायचं म्हणजे भूसंपादन, आणि केंद्राचा पैसा घेतला की पर्यावरणाची तपासणी. कितीतरी वर्षांची गोष्ट. पण पिवळे बाणाचे फलक, वेगाची पाटी आणि साइडपट्टीची भर दुरुस्तीच्या अंदाजपत्रकातून झाली. तीन आठवडे लागले. यासाठी यादीची गरजच नव्हती, हे मला जास्त लागलं.

आजोबा गोड चहाचे ग्लास घेऊन बाहेर आले. सातवा मेलबॉक्स लोखंडी पाइपावर बसवणार, काँक्रीट ओतून, असं अगदी खुशीत सांगू लागले. मला नको म्हणावं लागलं. चार बाय चार इंचाचा लाकडी खांब धडकेने मोडतो, काँक्रीटमध्ये पक्का केलेला लोखंडी पाइप मोडत नाही आणि गाडीतल्याच्या जिवावर बेततं.

"म्हणजे तो तुटायलाच हवा?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की सरकारकडून दुसरी अपेक्षाच नव्हती.

दोन आठवड्यांनी यादी चार विरुद्ध एक मतांनी मंजूर झाली. ते वळण यादीत खालीच राहिलं. वरचा एक पूल खरोखर वाईट अवस्थेत आहे, आणि त्याचे पैसे इकडे वळवा असं मी आजही म्हणणार नाही. तक्त्यात मात्र एक रकाना वाढवला आहे. ग्रामीण भागातल्या टपालवाल्यांना विचारायचं, कुठले मेलबॉक्स सारखे बदलतात.

त्याच बैठकीत आधीच्या बैठकीचं इतिवृत्तही कायम झालं. त्यात चौथ्या वक्त्यापुढे एक ओळ आहे: "रस्ता सुरक्षेबाबत मत मांडले. वेळ: नोंद नाही."