५९७ वेळा तेच पाऊल

मिनपॅक या जुन्या गणिती लायब्ररीतलं एलएमडिफ हे फंक्शन फोरट्रान भाषेतून रस्ट भाषेत आणून झालं होतं. अर्गॉन नॅशनल लॅबोरेटरीत मोरे, गार्बो आणि हिलस्ट्रॉम यांनी लिहिलेला १९८०चा हा लेव्हेनबर्ग-मार्क्वार्टचा कोड, म्हणजे पावलापावलाने पॅरामीटर बदलत कर्व्ह डेटाला जुळवण्याची पद्धत. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या मिस्रा१ए या चाचणी-डेटावर पहिला पॅरामीटर २३८.९४२१२९१८ असा बरोबर आला, बाकीच्या टेस्टही हिरव्या होत्या. दुपारी एक फाइल अडली.

हीटर तापण्याचा कर्व्ह होता: २० ते ८०० सेकंद, दर २० सेकंदांनी एक, अशी ४० रीडिंग. मॉडेल साधंच, अ × (१ − एक्स्प(−ब × वेळ)). जुनी लायब्ररी १९ फंक्शन कॉलमध्ये उत्तर देत होती. आमचा पोर्ट ६०० कॉल खाऊन इन्फो = ५ परत करायचा आणि अ, ब सुरुवातीला होते तिथेच. इन्फो ५ म्हणजे कॉलची मर्यादा संपली. एलएमडिफ१ ती २०० × (पॅरामीटर + १) धरतं, इथे पॅरामीटर दोन.

प्रत्येक कॉलचे अ, ब छापून पाहिले. पहिला कॉल सुरुवातीच्या बिंदूवर, पुढचे दोन जॅकोबियनसाठी (पॅरामीटर किंचित हलवला तर मॉडेल किती बदलतं, ते), आणि उरलेले ५९७ शेवटच्या बिटपर्यंत एकाच बिंदूवर. तिथे ब होता −४.०२. एक्स्पमधला आकडा ७०९.७८च्या वर गेला की ओव्हरफ्लो होतो, म्हणजे १८० सेकंदांपासून पुढच्या ३२ रीडिंगना इन्फिनिटी.

पहिलं पाऊल असं लांब पडण्यात नवल नाही, पहिल्या पावलाची मर्यादा ठरवणाऱ्या फॅक्टरचा नेहमीचा १०० हा आकडा बराच मोकळा आहे. पाऊल नाकारून डेल्टा (पावलाच्या लांबीची मर्यादा) आखडायचा, यासाठीच तर हा अल्गोरिदम. इन्फिनिटीची टेस्टही आम्ही लिहिली होती आणि ती पास होत होती. पण तिच्यात इन्फिनिटी एकाच ओळीत (एकाच रीडिंगला) होती, आणि मेख तिथेच.

नॉर्म, म्हणजे सगळ्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, ई-नॉर्म हे फंक्शन काढतं, आणि ओव्हरफ्लो टाळायला छोट्या, मधल्या आणि मोठ्या आकड्यांच्या तीन बेरजा वेगळ्या ठेवतं. मोठ्यांना आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्याने भागून मग वर्ग. एकच इन्फिनिटी असेल तर नॉर्मही इन्फिनिटी येतो. दुसरी आली की इन्फिनिटी भागिले इन्फिनिटी, म्हणजे नॅन (‘संख्याच नाही’).

हा नॅन फोरट्रानमध्येही येतो. पण तिथे प्रत्यक्ष घट (पावलाने नॉर्म किती कमी झाला) आधी −१ धरलेली असते, आणि ०.१ × नवा नॉर्म जुन्यापेक्षा लहान असेल तरच ती नव्याने काढली जाते. नॅनशी केलेली तुलना खोटी ठरते, −१ तसाच राहतो, पाऊल बाद. आम्ही तेच इफ-एल्समध्ये उलटं लिहिलं होतं: ०.१ × नवा नॉर्म जुन्याइतका किंवा मोठा असेल तर −१, नाहीतर सूत्र. गणितात दोन्ही एकच. नॅन मात्र ‘नाहीतर’मध्ये गेला, घट नॅन, आणि तिचं अपेक्षित घटीशी गुणोत्तर म्हणजे रेशोही नॅन.

दुसरी उलटापालट फोरट्रानचे गोटू (कोडमधल्या उड्या) काढताना झाली. ‘रेशो ०.२५पेक्षा मोठा असेल तर उडी मार’ याचं सरळ भाषांतर ‘मोठा नसेल तर डेल्टा आखड’. पण !(रेशो > ०.२५) असं लिहिलं की रस्टचा कोड-तपासनीस क्लिपी कुरकुरतो, म्हणून <= केलं. (क्लिपीचा इशारा नेमका नॅनबद्दलच असतो, तो गप्प करण्याच्या नादात आम्ही अर्थ बदलला.) आता नॅनला आखडणारी शाखा मिळेना. ‘पार’ हा पावलाला आवर घालणारा आकडा शून्य होता, त्यामुळे कोड वाढवण्याच्या शाखेत गेला, डेल्टा पावलाच्या दुप्पट झाला आणि पाऊल काढणाऱ्या एलएमपारने तेच न आवरलेलं (गाऊस-न्यूटन) पाऊल पुन्हा हातात दिलं. रेशो ०.०००१ किंवा जास्त असेल तरच पाऊल स्वीकारायचं, ही तुलना आमच्याकडे सरळ होती म्हणून बरं. नाहीतर बिघडलेलं पाऊलच स्वीकारलं गेलं असतं.

दोन्ही तुलना मूळ रूपात आणल्या, तिथे क्लिपीचा तो इशारा (लिंट) बंद करून वर कारण लिहिलं, आणि दोन ओळींत इन्फिनिटी असलेली टेस्ट जोडली. मग सगळा कोड फोरट्रानशी ओळीला ओळ लावून वाचला. एलएमपारमध्ये आणखी एक सापडलं: सर्वांत लहान धन संख्येच्या जागी आम्ही एफ६४ या संख्याप्रकाराचा मिन घातला होता. सी++च्या न्यूमेरिक लिमिट्सची सवय. रस्टमध्ये मिन म्हणजे सुमारे −१.८ × १०^३०८. हवा होता मिन-पॉझिटिव्ह, २.२२५ × १०^−३०८. पारची वरची मर्यादा शून्य निघाली तरच तो भागाकारात येतो, म्हणून एकाही टेस्टने तोंड उघडलं नव्हतं.

फाइल पुन्हा चालवली: १९ कॉल. शेवटचा अंक अजून हुकत होता, पण तो आमचा दोष नव्हता. एआरएम मशीनवर जीफोरट्रान हा कंपायलर गुणाकार आणि बेरीज आपणहून एकत्र करून एकदाच राउंड करतो, रस्ट करत नाही. जुनी लायब्ररी हा पर्याय (एफपी-कॉन्ट्रॅक्ट) ऑफ करून बांधली, तेव्हा बिटला बिट जुळला.