उंदराची जखम आणि माणसाचं पाऊल

मधुमेहींच्या पावलावरच्या जखमांसाठी मी अतिबारीक तंतूंची पट्टी बनवते. पावसाळ्यात इलेक्ट्रोस्पिनिंगला, म्हणजे विजेच्या दाबाने तंतू कातायला, हात लावण्याआधी मी आर्द्रतेचा मीटर बघते. साठच्या वर आकडा गेला की फॉइलवर तंतूंऐवजी ओले ठिपके पडतात आणि दिवस फुकट जातो.

एरवी काम बघायला मजेचं आहे. सिरिंजमध्ये कायटोसान आणि पीव्हीएचं द्रावण, सुईला पंधरा-वीस हजार व्होल्ट, समोर फॉइल गुंडाळलेला ड्रम. सुईच्या टोकाशी थेंब ताणला जातो, त्यातून धार सुटते, पाणी हवेतच उडतं आणि फॉइलवर पांढरी साय धरते. तिच्यातला एकेक तंतू काहीशे नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळतं, पण ते एकटं नीट कातलं जात नाही, म्हणून जोडीला पीव्हीए हे कृत्रिम पॉलिमर. ते पुन्हा पाण्यात विरघळणारं! जखमेवर ठेवलं की लिबलिबीत. मग ग्लुटारल्डिहाइड या रसायनाची वाफ देऊन ते पक्कं करायचं आणि त्या विषारी वाफेचा अंशही उरू नये म्हणून धूत बसायचं. "बँडेजवर पीएचडी?" असं आत्या विचारते, तेव्हा यातलं काय सांगू?

एवढं बारीक कशाला? तर त्वचेतल्या कोलॅजेन या प्रथिनाचे धागेही साधारण याच मापाचे असतात, त्यामुळे पेशींना धरायला आधार मिळतो. शिवाय तंतूंत भरलेलं औषध हळूहळू सुटतं.

माझा खरा राग अशा पट्ट्यांच्या उंदरांवरच्या चाचण्यांच्या आलेखांवर आहे. 'चौदा दिवसांत जखम बंद' असं शोधनिबंधात दिसलं की मी आधी पद्धतीचं पान उघडते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, तो कडा ओढून जखम मिटवतो. माणसाची जखम मुख्यतः नव्या मांसाने आणि त्वचेने भरते. म्हणून उंदराच्या जखमेभोवती कडा धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग शिवावी लागते. ती नसेल तर तो आकडा मी मनावर घेत नाही. त्यात तो उंदीर इंजेक्शन देऊन मधुमेही केलेला, काही आठवड्यांचा. ओपीडीत येणाऱ्या काकांची साखर पंधरा वर्षांची, पाऊल बधिर, रक्तपुरवठा कमी, जखमेवर जंतूंचा चिकट थर.

जुन्नरकडचे असेच एक काका म्हणाले, "ताई, पट्टी कसलीही लावा, पण ऊसतोड तोंडावर आलीय." डॉक्टरांनी त्यांना गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं, पावलावरचा भार हलावा म्हणून. माझी पट्टी कितीही चांगली निघाली तरी या प्लास्टरचं काम ती करणार नाही, हे मी आता प्रेझेंटेशनच्या पहिल्याच स्लाइडवर लिहिते. गाइडना ते फारसं आवडत नाही.