तुम्ही विचारलंत म्हणून: तो बगळा मळलेला नाही

आंजर्ल्याच्या अलीकडे आमचं घर. मागच्या पडवीला लागून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. सकाळी पाहुणे कातळापर्यंत फिरून येतात आणि चहा हातात यायच्या आत मोबाइल पुढे करतात. "काका, हा बगळा चिखलात लोळलाय का हो? बाकी सगळे पांढरे, हा एकटाच असा." गेल्या वर्षी एका पुण्याच्या बाईंनी तर तो आजारी आहे, वनखात्याला कळवा म्हणून माझ्यामागे लकडा लावला होता.

तर एकदाच सविस्तर सांगून टाकतो. तो आजारी नाही, मळलेलाही नाही. तो समुद्री बगळा. या बगळ्यात एकाच जातीत काळसर राखी पक्षीही असतात आणि पांढरेशुभ्रही. एकाच मांजरीच्या पोटी एक काळं, एक पांढरं पिल्लू निघतं ना, तसंच. काळा आणि पांढरा जोडीही जमवतात. काळ्याची खूण म्हणजे हनुवटीवरचा पांढरा डाग, चुन्याचं बोट पुसावं तसा. पांढरा मात्र 'लहान बगळा' नावाच्या दुसऱ्या जातीत सहज खपून जातो, कारण पावलं दोघांचीही पिवळी. तिथे चोचीकडे बघायचं. लहान बगळ्याची चोच काळी आणि बारीक, याची जरा जाड आणि पिवळट-तपकिरी. आमच्या कातळावर काळेच जास्त दिसतात. ओहोटीला डबक्यांमध्ये पळापळ करत, पंख अर्धे उघडून मासे धरतात. बाकीचे बगळे एका पायावर ध्यान लावून उभे असतात आणि हा मेला सकाळी लोकल पकडायला निघाल्यासारखा धावतो.

खरी अडचण बगळ्याची नाही. पुस्तक उघडून रंग जुळवायचा, अशी आपल्याला सवय लागली आहे. हळद्या पिवळा, खंड्या निळा, पोपट हिरवा. शाळेत ठीक आहे ते. कोणी मला रंग सांगून पक्षी विचारला की मी उलट विचारतो, महिना कुठला होता?

वंचक नावाच्या बगळ्याचंच बघा. थंडीत तो शेताच्या बांधावर बसला की वाळलेल्या गवताची काडी वाटतो, अंगभर तपकिरी रेघा. जवळ गेलात की उडतो आणि एकदम पांढरा होतो, कारण पंख पांढरे, मिटून बसला की झाकलेले. नावच वंचक, फसवणारा. हाच पक्षी पावसाळ्याच्या तोंडाला पाठीवर गडद मरून शालू पांघरतो. गायबगळाही त्याच दिवसांत डोक्यामानेवर नारिंगी होतो. लावणीच्या वेळी आलेले पाहुणे या दोघांचे फोटो दाखवून "नवीन पक्षी सापडला" म्हणतात, तेव्हा त्यांचा उत्साह मोडायचं माझ्या जिवावर येतं.

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावाला गेलात तर थंडीत कुरवांचा, म्हणजे सीगलचा, थवा दिसेल. त्यात काळ्या डोक्याचा कुरव असतो आणि त्याचं डोकं पांढरं असतं! कानामागे शाईचा एक ठिपका, बस. नाव ठेवलं युरोपातल्या लोकांनी, त्यांच्याकडे तो विणीच्या काळात असतो आणि तेव्हा त्याचं डोकं गडद असतं. आपल्या वाट्याला येतो तो हिवाळ्यातला साधा वेष. मार्चमध्ये डोकी काळवंडायला लागतात, अर्धी काळी, अर्धी पांढरी, चितकबरी. नीट रंगली की निघून जातात.

हा अर्धवट अवतार सगळ्यात जास्त घोळ घालतो. पीस ही आपल्या नखासारखी मेलेली वस्तू, केराटिनची. एकदा उगवलं की आतून रंग भरता येत नाही. फार तर झिजतं, उन्हाने विटतं. रंग बदलायचा तर जुनं पीस गळून नवं यावं लागतं आणि त्याला आठवडे लागतात. आमच्या जास्वंदीवरचा जांभळा शिंजीर विणीनंतर मादीसारखा पिवळट होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी राहते. त्या पट्टीचा फोटो दरवर्षी माझ्याकडे येतो.

मीही कमी फसलेलो नाही. पंधराएक वर्षांपूर्वी सुरूच्या बनावर एक मोठा तपकिरी शिकारी पक्षी घिरट्या घालायचा. मी छातीठोकपणे सगळ्यांना "उकाब, उकाब" (तपकिरी गरुड) म्हणून दाखवत होतो. पुढच्या हंगामात दुर्बिणीतून घरटं पाहिलं तर तसाच एक 'उकाब' काठावर बसून पांढऱ्या पोटाच्या काकणाकडून समुद्रसाप घेत होता. काकण म्हणजे आमचा समुद्रगरुड. याची पिल्लं तपकिरी असतात आणि आईबापांसारखा पांढरा-राखी वेष चढायला चार-पाच वर्षं जातात. ज्या पाहुण्यांना मी ते ज्ञान वाटलं होतं, त्यांना आता कुठे शोधू?

निळ्या रंगाची गोष्ट जरा वेगळी. मागच्या मे महिन्यात भाची आली होती, तिला विहिरीजवळ खंड्याचं पंखातलं एक पीस सापडलं. झळझळीत निळं. "मामा, हा रंग काढून चित्रात वापरता येईल का?" म्हटलं, काढून बघ. आधी तिला ते पीस उजेडाकडे धरायला लावलं. प्रकाश मागून आला आणि निळा गेला, हातात मळकट तपकिरी पीस. खाली आणलं की पुन्हा निळं. तिने चार वेळा वरखाली केलं. मग अर्धं तोडून खलबत्त्यात बारीक कुटलं. बत्त्याला काळपट भुकटी लागली, निळ्याचा कण नाही.

कारण तिथे निळा रंग नव्हताच. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिन आणि हवेच्या पोकळ्यांची इतकी बारीक जाळी असते की ती निळा प्रकाशच परत फेकते. खालचं मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य उरलेला प्रकाश पिऊन टाकतं. कुटलं की जाळी मोडते, मागे मेलॅनिन राहतं. सी. व्ही. रामन यांनी नोबेलनंतर चारच वर्षांनी, १९३४ साली, पक्ष्यांच्या पिसांच्या रंगांवर लिहिलं होतं, त्यासाठी नीलपंखाची पिसं तपासली होती. पोपटाचा हिरवाही असाच, निळी जाळी आणि वर पिवळं रंगद्रव्य. बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात त्या बजरीगरांत काहींना हे पिवळं जन्मतःच नसतं, म्हणून ते निळे.

लाल-गुलाबीचा मामला पुन्हा निराळा, तो पोटातून येतो. ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांची (फ्लेमिंगोंची) पिल्लं करडी असतात, खाण्यातली रंगद्रव्यं साठत गेली की गुलाबी होतात. देवरायांत दिसणाऱ्या महाधनेशाच्या पंखावरचा पिवळा पट्टा तर वरून लावलेला असतो! शेपटीजवळच्या ग्रंथीतलं पिवळसर तेल तो चोचीने पंखांना चोळतो. मेकअप म्हणा हवं तर. हे सांगितलं की पाहुण्या बायका फार खूश होतात.

तर त्या बगळ्याकडे वळतो. पुण्याच्या बाई जायच्या दिवशी पुन्हा कातळावर गेल्या, मुलीला घेऊन. काळा आणि पांढरा, दोघं एकाच डबक्यावर होते. मुलीने विचारलं, "यांची पिल्लं करडी होणार?" म्हटलं, काही काळी, काही पांढरी निघतील. मधल्या रंगाचेही असतात, पण क्वचित. तेवढ्यात काळ्याने पंख उघडला आणि त्यात एक पांढरं पीस दिसलं. काळ्यांमध्ये असतं असं कधीकधी. बाई लगेच म्हणाल्या, "बघा, याला काहीतरी लागलंय."